तेरड्याचा रंग तीन दिवस

फुलांच्या दरीला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कधी? त्याचं उत्तर हवामानाच्या ॲपवर शोधायच्या आधी भिंतीवरच्या पंचांगात शोधावं.

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हे राष्ट्रीय उद्यान १ जूनला उघडतं आणि ३१ ऑक्टोबरला बंद होतं. मधल्या पाच महिन्यांत दरी अनेकदा कपडे बदलते. जूनमध्ये वाटेवर अजून बर्फ असतं, ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात आणि बर्फ जिथून मागे सरकेल तिथे प्रिम्युला, मार्श मॅरिगोल्ड अशी ठेंगणी, ओलाव्याची फुलं वर येतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर झाडं बिया धरतात, पानं तांबूस होतात, आकाश मोकळं होतं. डोंगर बघायचे असतील तर हाच काळ उत्तम, पण फुलांसाठी आलेला माणूस हिरमुसतो. सगळ्यात जास्त फुलं जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे भर पावसात.

आणि पंचांग लागतं ते इथे. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो आणि त्याबरोबर कावडयात्राही. गंगाजल न्यायला लाखो कावडिये हरिद्वारला येतात आणि दरीची वाटही हरिद्वारवरूनच जाते. दिल्ली-हरिद्वार महामार्गावरची वाहतूक वळवलेली असते आणि हरिद्वार ते ऋषिकेश या पंचवीस किलोमीटरला किती वेळ लागेल हे कोणताही ड्रायव्हर छातीठोकपणे सांगत नाही. यात्रा संपते ती त्यांच्या श्रावण शिवरात्रीला, म्हणजे आपल्या दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी. तेव्हा सोपा नियम असा, की दिवे पुजावेत आणि मग निघावं. बहुतेक वर्षी ही तारीख जुलैच्या शेवटाकडे किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला येते आणि फुलांच्या बहराशी छान जुळते. अधिक महिना आडवा आला की मात्र गणित पुढे सरकतं. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दिव्यांची अवस थेट १२ ऑगस्टला आहे. अशा वर्षी गुरुपौर्णिमेच्या आधी जाऊन यावं, नाहीतर अवसेनंतर लगेच निघावं आणि थोडी उतरती फुलं पदरात घ्यावीत.

पावसाबद्दल मात्र तडजोड नाही. ‘फुलं असतील पण पाऊस नसेल असा आठवडा कोणता?’ असं विचारणारे पुष्कळ असतात. तसा आठवडा नसतो. दरी साधारण ३,३०० मीटरच्या वर आहे, वर्षातला बराच काळ ती बर्फाखाली असते आणि झाडांना उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं तीन-चार महिन्यांत उरकायचं असतं. पाणी मिळतं तेव्हाच ती फुलतात. खाली रस्त्यावर दरडी कोसळतात त्याही याच पाण्याने. त्यामुळे या सहलीच्या आखणीत सगळ्यात मोलाची वस्तू बूट नाही की रेनकोट नाही. ती आहे राखीव दिवस. आणि पहिली काट मारली जाते तीही त्याच्यावरच.

हरिद्वार ते हरिद्वार कमीत कमी सहा दिवस लागतात. पहिला दिवस रस्त्यात, दुसरा दरीजवळच्या मुक्कामाच्या गावापर्यंत, घांगरियापर्यंत चढण्यात, तिसरा दरीत, चौथा हेमकुंड या शिखांच्या तीर्थाला, पाचवा खाली उतरण्यात, सहावा परतीच्या रस्त्यात. जाहिरातींतले कार्यक्रम साधारण असेच असतात आणि कागदावर ते बरोबर दिसतात. पण यात एकाही दिवशी काही बिघडून चालत नाही. बिघडतं तर हमखास. म्हणून सहाचे आठ करावेत. एक जास्तीचा दिवस घांगरियासाठी आणि एक परतीच्या रस्त्यासाठी. रजा मिळत नसेल तर हेमकुंड गाळावं, पण राखीव दिवस गाळू नये. आणि हरिद्वारला पोहोचायच्या त्याच रात्रीची रेल्वे किंवा डेहराडूनहून दुसऱ्या पहाटेचं विमान काढू नये. तिकीट बुडाल्याचं दुःख वेगळं. घाईपोटी दगड पडत असलेल्या जागेतून गाडी काढायला ड्रायव्हरला भरीला घालणं हा त्याहून मोठा धोका.

ऋषिकेश ते गोविंदघाट, म्हणजे जिथे महामार्ग सोडून दरीकडे वळायचं ते ठिकाण, हे अंतर सुमारे २७० किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या सवयीने कुणी पाच तास धरतं. सगळं सुरळीत असलं तरी दहा-अकरा तास लागतात. अलकनंदेच्या काठाने रस्ता जातो आणि देव, रुद्र, कर्ण, नंद, विष्णू असे पाचही प्रयाग याच वाटेवर ओळीने भेटतात. पहाडी रस्त्यांवर रात्रीच्या वाहतुकीला बंदी असते, म्हणून पहाटे चार-साडेचारला निघणं हाच तिथला रिवाज आहे. बस आणि सामायिक जीपही तेव्हाच सुटतात. सकाळी आठला आरामात नाश्ता करून निघालेली मंडळी अंधार पडायला चमोली-पिपळकोटीच्या आसपास अडकतात आणि मिळेल त्या खोलीत राहतात.

या रस्त्यावरच्या अडचणीच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्या आहेत. श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्यामधलं सिरोबगड, नंदप्रयागचा परिसर, पिपळकोटीच्या पुढचा पागल नाला. नावावरूनच त्या नाल्याचा स्वभाव कळतो. दरड आली की तिथे ‘मलबा आया है’ एवढंच सांगतात आणि रांगेत गाड्यांची इंजिनं बंद होतात. जेसीबी बहुतेक वेळा जवळच उभा असतो, दोन-चार तासांत वाट मोकळी होते. कधी दीड दिवस लागतो. मुक्काम ठरवताना यावरून एक हिशेब करता येतो. अडचणीची जागा मुक्कामाच्या मागे टाकायची, पुढे ठेवायची नाही. जाताना पहिल्याच दिवशी पागल नाला ओलांडून जोशीमठ गाठावं (सरकारी कागदांवर आता ज्योतिर्मठ). तिथून गोविंदघाट वीसेक किलोमीटर, सकाळी तासाभराचा प्रवास. येताना मात्र घांगरियाहून उतरल्यावर जोशीमठला थांबू नये. उजेड असेल तर त्याच संध्याकाळी पिपळकोटी किंवा चमोली गाठावं, म्हणजे नाला मागे पडतो आणि शेवटच्या दिवशी निम्मी धास्ती कमी होते.

जोशीमठला राहण्याचं आणखी एक कारण उंचीचं. ऋषिकेश जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे. जोशीमठ १,८९० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. घांगरिया ३,०५० मीटरवर आणि हेमकुंड ४,००० मीटरच्या पलीकडे. शरीराला ही पायरी-पायरीने चढायची उंची आहे. डोकं जड होणं, अन्नावरची वासना उडणं, मळमळ, रात्री झोप न लागणं ही पहिली लक्षणं. प्रवासाचा शीण म्हणून ती सोडून द्यायची नाहीत. त्या दिवशी वर जायचं नाही, पाणी पीत राहायचं. दुखणं वाढलं, तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वेळ कोणतीही असो, खाली उतरायचं. रक्तदाब, दमा, हृदयविकार असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात, शेजारच्या ग्रुपकडून मागून नाही.

गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत चार किलोमीटर सामायिक जीप जाते. पुढे घांगरिया नऊ-दहा किलोमीटर, सगळं पायी किंवा खेचरावरून. जुन्या प्रवासवर्णनांत हे अंतर तेरा-चौदा किलोमीटर सापडतं, कारण तेव्हा चाल गोविंदघाटलाच सुरू व्हायची. २०१३च्या पुरात या खोऱ्यातली जुनी वाट वाहून गेली, भ्यूंडार गावाचंही मोठं नुकसान झालं, आणि आजच्या वाटेचा बराच भाग त्यानंतर बांधलेला आहे. तेव्हा जुने नकाशे हाताशी ठेवायचे तर सावधपणे.

ही वाट आडरानातली नाही. हेमकुंड साहिबला जाणाऱ्या शीख यात्रेकरूंची रीघ असते, चहाची दुकानं असतात, मॅगी आणि पराठे असतात. पहिले सहा-सात किलोमीटर बरे, भ्यूंडारचा पूल ओलांडला की शेवटचे तीन अंगावर येतात. सह्याद्रीत चढणाऱ्या माणसाला चार-पाच तास पुरतात, सवय नसलेल्याला सात लागतात. पुलन्याहून सकाळी नऊच्या आत पाय उचललेला बरा. सामान फार असेल तर पिट्ठू, म्हणजे पाठीवर ओझं वाहणारा माणूस, करावा. दर ठरलेले असतात, पावती मागावी. खेचरं समोरून किंवा मागून आली की नेहमी डोंगराच्या अंगाला उभं राहावं, दरीच्या अंगाला नाही. पाठीवरच्या पोत्याचा नुसता धक्का लागला तरी माणूस खाली जाऊ शकतो. खेचरांच्या लिदीने आणि पावसाने दगडी वाट कमालीची निसरडी होते. चढताना हे कळत नाही, उतरताना गुडघ्यांना कळतं. खालच्या दुकानांत काठ्या मिळतात. तरण्याताठ्यांनीही एक घ्यावी, लाजू नये.

घांगरिया, ज्याला गोविंदधामही म्हणतात, हे हंगामी गाव. एक गल्ली, दोन्ही बाजूंना लॉज, गढवाल मंडल विकास निगमचं विश्रामगृह आणि मोठा गुरुद्वारा. खोली कुठेच मिळाली नाही तर गुरुद्वाऱ्यात जागा आणि लंगर मिळतो, डोकं झाकून जायचं एवढंच. वीज येत-जात असते, फोनचा सिग्नल बेभरवशाचा, आणि सिग्नल नसला की मोबाइलने पैसेही जात नाहीत. सगळ्या मुक्कामाचा खर्च रोख घेऊन चढावं, त्यातही सुट्या नोटा जास्त. हेमकुंड किंवा बद्रीनाथ करायचं असेल तर उत्तराखंड पर्यटनाच्या संकेतस्थळावरची यात्रा-नोंदणी घरूनच करून निघावी. वर येऊन फॉर्म भरू म्हणणारे फोन आकाशाकडे धरून गल्लीत फिरताना दिसतात.

आता कपड्यांविषयी, कारण इथे सह्याद्रीचा अनुभव चक्क दगा देतो. आपल्याकडे पावसाळी ट्रेकमध्ये सुती टी-शर्ट दिवसभर ओला राहिला तरी फारसं बिघडत नाही, चालत राहिलं की अंग ऊबदार राहतं. इथे रात्री पारा एक आकडी असतो आणि भिजलेलं सुती कापड अंगातली ऊब शोषून घेतं. दोन दिवसांत ते वाळत नाही ते वेगळंच. पटकन वाळणारे दोन जोड चालण्यासाठी, एक जोड फक्त झोपण्यासाठी, तो कोणत्याही मोहाने पावसात घालायचा नाही. एक लोकरी किंवा फ्लीसचा थर, कानटोपी, आणि मोज्यांचे वाटतात त्याच्या दुप्पट जोड. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं आणि पाठीकडून पाणी आत जातंच, म्हणून सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान त्यात भरावं. बूट नवे करकरीत नकोत, निदान महिनाभर वापरलेले हवेत.

दरीचं फाटक घांगरियाच्या जरा पुढे आहे. सकाळी सात ते दुपारी दोन आत सोडतात आणि पाचपर्यंत बाहेर यावं लागतं. आत मुक्काम नाही, तंबू नाही, खेचर नाही, दुकान नाही, स्वच्छतागृहही नाही. चालवणार नसेल त्याला पाठीवरच्या टोपलीतून नेणारे कंडीवाले मिळतात. फाटकानंतर वाट रानातून पुष्पावती नदीच्या पुलाकडे उतरते आणि पूल संपताच तासभराची खडी चढण लागते. फाटकापासून दीड-दोन तासांनी झाडं विरळ होतात आणि दरी उघडते.

बहुतेकांची चूक इथेच होते. साडेनऊला फाटकात, बाराला दरीच्या तोंडाशी, पहिल्या कुरणात शंभर फोटो, आणि परत. खरी दरी पुढे आणखी काही किलोमीटर पसरली आहे. जोन मार्गारेट लेग या वनस्पती गोळा करायला आलेल्या इंग्रज बाईंची कबर हा मधला टप्पा. १९३९मध्ये फुलं गोळा करताना कड्यावरून घसरून त्या इथेच गेल्या. तिथपर्यंत पोहोचायला घांगरियाहून तीनेक तास लागतात, आणि त्याच्याही पुढे नदीच्या वाळवंटापर्यंत पायवाट जाते. दुपारनंतर ढग खालून वर चढतात आणि समोरचं दिसेनासं होतं. त्यामुळे फाटक उघडताना सातला तिथे उभं असावं, पराठे बांधून घ्यावेत, आणि जाताना न थांबता आधी शेवटपर्यंत जावं. फोटो येताना काढावेत. हे ऐकतं फारसं कुणी नाही.

दुसरी चूक डोळ्यांची. कास पठार पाहिलेला माणूस इथे गालिचा शोधतो. कासला फुलं घोट्याएवढी आणि आपण वरून पाहणारे, म्हणून सप्टेंबरात अख्खं पठार रंगीत दिसतं. इथे ऑगस्टमध्ये झाडं कमरेपर्यंत, काही ठिकाणी छातीपर्यंत येतात आणि फुलं हिरव्यात मिसळलेली असतात. लांबून पाहिलं तर दरी हिरवीच. जवळ गेलं की गुलाबी गर्दी दिसते ती ‘इम्पेशन्स सल्काटा’ची. हा आपल्या तेरड्याचाच भाऊबंद, तीच टोपडी घातलेली फुलं. गौरी म्हणून ज्याची रोपं आपण घरात आणतो त्याचं हिमालयातलं धिप्पाड रूप. त्याच्या पायाशी जिरेनियम, पोटेन्टिला, कड्याच्या सावलीत नागफणा काढलेली एरिसेमा, नदीकाठच्या गोट्यांत जांभळट गुलाबी एपिलोबियम. सपुष्प वनस्पतींच्या पाचशेच्या आसपास जाती या खोऱ्यात नोंदल्या आहेत. निळी पॉपी सगळ्यांना हवी असते. तिच्यासाठी खडकाळ जागा पाहाव्यात, आणि ती हेमकुंडाच्या वाटेवर बऱ्याचदा सोपेपणी दिसते.

हेमकुंड घांगरियाहून सहा किलोमीटर, पण हजार मीटरहून जास्त चढ. दरीनंतरच्या दिवशी जावं म्हणजे शरीर उंचीला थोडं सरावलेलं असतं. पहाटे निघून दुपारी दोनच्या आत परतीला लागायचं, वर मुक्काम करता येत नाही. तळ्याच्या आसपास जुलै-ऑगस्टमध्ये ब्रह्मकमळ फुलतं. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री बाल्कनीत फुलणारं आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं जाणारं ‘ब्रह्मकमळ’ हे मूळचं मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. हे इथलं वेगळं, पिवळट हिरव्या कागदी पाकळ्यांच्या आत जांभळं बोंड लपवणारं. पाकळ्या दिसतात त्या खरं तर पानं आहेत, थंडी-वाऱ्यापासून आतल्या फुलांचं रक्षण करणारी. हे उत्तराखंडचं राज्यफूल आहे आणि तोडायचं नाही.

दरीत आणखी एक झाड बघण्यासारखं आहे, आणि ते फोटोसाठी नाही. ‘पॉलिगोनम’, स्थानिक लोक अमेला म्हणतात. पांढऱ्या तुऱ्यांचं, उंच, दाट, दिसायला बरंच देखणं. १९३१मध्ये कामेट शिखरावरून उतरताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि सोबती या खोऱ्यात आले तेव्हा इथे भ्यूंडारकरांच्या शेळ्यामेंढ्या उन्हाळ्यात चरत असत. १९८२मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. त्यानंतर अमेला माजला. तो जिथे दाटतो तिथे खालच्या बुटक्या फुलांना ऊनच मिळत नाही, म्हणून वनखातं दरवर्षी माणसं लावून तो उपटवतं. चराई बंद झाल्यामुळेच तो वाढला की इतरही कारणं आहेत यावर अभ्यासकांत वाद आहे. पण कुंपण घातलं की निसर्ग आपोआप पूर्वीसारखा होतो, असं मानणाऱ्याने वाटेवर उपटून टाकलेले अमेल्याचे ढीग बघावेत.

प्रवेशाचं तिकीट तीन दिवस चालतं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही आपली म्हण त्या फाटकावर अचानक सरकारी नियम होऊन बसलेली दिसते. पण दुसऱ्या दिवशी त्याच तिकिटावर परत आत जाणारे मोजकेच. घांगरियासाठी ठेवलेला राखीव दिवस पावसाने खाल्ला नाही तर इथेच खर्चावा. पहिल्या दिवशी कबरीपर्यंतची धाव झालेली असते, आता कुठे पोहोचायचं नसतं. पुलापलीकडची चढण संपल्यावर वाटेकडेचा एखादा सपाट दगड गाठावा, छत्री उघडावी आणि हाताच्या अंतरातली फुलं नीट पाहावीत. भुंगा तेरड्याच्या टोपड्यात पूर्ण शिरतो, फूल वाकतं, आणि तो पाठीवर परागांची पांढरी रेघ घेऊन उलट्या पावलांनी बाहेर येतो. ऑगस्ट उतरणीला लागला असेल तर त्याच झाडावर खालच्या अंगाला बोंडं धरलेली असतात, फुगलेली, ताणलेली. पावसाचा एखादा टपोरा थेंब नेमका बसला की बोंड तडकतं, साल गुंडाळली जाते आणि बिया दूर उडतात. छत्रीवर टप् असा आवाज येतो तो दर वेळी पावसाचाच असतो असं नाही.